विश्लेषण : साखर बंद केल्यावर शरीरात काय बदलते आणि काय बदलत नाही?

‘२१ दिवस साखर बंद’, ‘३० दिवस नो शुगर’ अशी आव्हाने समाजमाध्यमांवर वर्षभर फिरत असतात. दिवाळीनंतर आणि जानेवारीत त्यांना विशेष जोर येतो. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, दुसऱ्या आठवड्यात पोट आत जाते, महिनाभरात मधुमेह पळतो, असे दावे रील्समधून केले जातात. यातील काही परिणाम प्रयोगांमध्ये प्रत्यक्ष मोजले गेले आहेत, काहींना फारसा आधार नाही आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांसाठी तर अचानक साखर बंद करणे धोक्याचेही ठरू शकते. साखर सोडल्याने शरीरात नेमके काय होते, किती दिवसांत होते आणि ‘आम्ही साखर सोडली, आता फक्त गूळ’ असे म्हणणाऱ्यांना त्याचा लाभ मिळतो का, याविषयी.

अतिरिक्त साखर कशाला म्हणायचे?

दूध, फळे आणि भाज्यांमध्ये मुळातच साखर असते. ती सोडण्याचा सल्ला सर्वसाधारण निरोगी माणसाला कोणतीही आरोग्य संस्था देत नाही. प्रश्न आहे तो स्वयंपाकघरात, हॉटेलात किंवा कारखान्यात वरून घातलेल्या साखरेचा. चहातील साखर, आमटीतील गुळाचा खडा, पोह्यांवरची चिमूट, बिस्किटे, टोमॅटो सॉस, श्रीखंड आणि बाटलीबंद सरबते हे सारे त्यात येते. जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त साखर’ असा थोडा व्यापक शब्द वापरते. त्यात मध, सिरप आणि फळांचा रसही मोजला जातो. संत्रे खाल्ले की त्यातील तंतूंमुळे साखर सावकाश रक्तात उतरते आणि पोटही भरते. तीन-चार संत्र्यांचा गाळलेला रस मात्र एका दमात पिऊन होतो.

आपल्या डब्यातील साखर म्हणजे सुक्रोज. त्यात अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज शरीरातील सर्वच पेशी वापरतात. फ्रुक्टोजचा बहुतांश भार मात्र यकृतावर पडतो आणि गरजेपेक्षा जास्त फ्रुक्टोज आले की यकृत त्याची चरबी बनवू लागते. साखर सोडल्यावर सर्वात आधी कुठे फरक दिसतो, याचे उत्तर इथे दडलेले आहे.

मर्यादा किती आणि खाल्ली जाते किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या खाली नेल्यास आणखी लाभ होऊ शकतो. दिवसाला २००० कॅलरी आहार धरला तर ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआर-एनआयएन) २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक सूचनांतही साखर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सांगितले आहे. एक चमचा ५ ग्रॅमचा धरला तर हे झाले दिवसाला पाच चमचे, तेही सगळ्या पदार्थांतून मिळून.

दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असे धरले, तर ३० ग्रॅम तिथेच झाले. दिवसभरात गोड म्हणून काहीही खाल्लेले नसताना मर्यादा ओलांडली गेली. साध्या ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास साखर असते. त्यामुळे चहासोबतच्या चार बिस्किटांतून पाच-सहा ग्रॅमची भर पडते. ३०० मिलीलिटर कोला प्यायल्यास एकाच बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते.

घराचा अंदाज घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे किराणा यादी. चार जणांच्या कुटुंबाला माणशी २५ ग्रॅम याप्रमाणे महिन्याला तीन किलो साखर पुरायला हवी. यादीत पाच किलो साखर लिहिली जात असेल, तर माणशी रोजचे प्रमाण जवळपास ४२ ग्रॅम होते. गूळ, बाहेरचा चहा, बिस्किटे आणि मिठाई यांचा हिशेब त्यात धरलेला नाही.

पहिल्या आठवड्यात डोके का दुखते?

साखर एकदम बंद करणाऱ्या अनेकांना पहिले काही दिवस डोकेदुखी, चिडचिड, थकवा आणि गोड खाण्याची तीव्र इच्छा जाणवते. ‘साखरेचे व्यसन कोकेनसारखे’ असे वाक्य त्यासाठी वापरले जाते. त्यामागे प्रामुख्याने उंदरांवरचे प्रयोग आहेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात झालेल्या अशा प्रयोगांत उंदरांना रोज काही तास उपाशी ठेवून मग साखरेचे पाणी दिले जात असे. माणसांमध्ये साखरेचे व्यसन अमली पदार्थांसारखे लागते, याचा भक्कम पुरावा अद्याप नाही. गोड खाल्ल्यावर मेंदूतील आनंदाशी निगडित यंत्रणा जागी होते हे खरे, पण ती इतर आवडत्या पदार्थांनीही होते.

आपल्याकडे या डोकेदुखीला आणखी एक साधे कारण असू शकते. साखर सोडायची म्हणून अनेकजण चहाच सोडतात. चहा-कॉफी बंद झाली की कॅफिन थांबते आणि कॅफिन थांबल्याने होणारी डोकेदुखी वैद्यकीय साहित्यात चांगली नोंदलेली आहे. ती साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते, एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन ते नऊ दिवसांत शमते. म्हणजे दोष साखरेच्या माथी मारला जातो, पण शरीर चहा मागत असते. चहा तसाच ठेवून त्यातील साखर कमी केली तर हा त्रास बराच टळू शकतो.

साखर सोडली तर मेंदूला ऊर्जा कुठून मिळणार, ही भीतीही निराधार आहे. भाकरी, पोळी, भात, डाळ या सगळ्यांतून शरीर ग्लुकोज तयार करते. वरून साखर घालण्याची शारीरिक गरज कोणालाच नसते. गोड खाल्ल्यावर तरतरी येते, हाही समजच. २०१९ मध्ये ३१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात साखरेने मनःस्थिती सुधारल्याचे आढळले नाही, उलट तासाभरात थकवा वाढल्याचे आणि सतर्कता घटल्याचे दिसले.

सर्वात आधी फरक कुठे दिसतो?

यकृतात आणि रक्तातील चरबीत. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी लठ्ठपणा आणि चयापचयाच्या तक्रारी असलेल्या ९ ते १८ वयोगटातील सुमारे ४० मुलांना नऊ दिवस वेगळा आहार दिला. कॅलरी तेवढ्याच ठेवल्या, फक्त साखरेचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले आणि तिच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले. वजन घटू नये याचीही काळजी घेतली. तरीही नऊ दिवसांत ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब कमी झाला आणि यकृतातील चरबीचे मध्यक प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मर्यादा.

ती उणीव २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने भरून काढली. फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या आहारातील मुक्त साखर आठ आठवडे ३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यात आली. त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ती २१ वरून फक्त २० टक्के झाली. या प्रयोगात मुलाला एकट्याला वेगळे ताट वाढले गेले नव्हते. साऱ्या घरासाठीच कमी साखरेचे जेवण ठरवले गेले होते. दोन्ही प्रयोग यकृतात चरबी साठलेल्या किंवा लठ्ठ मुलांवरचे होते. निरोगी माणसात एवढा मोठा फरक दिसेलच असे नाही. पण दारूला स्पर्शही न करणाऱ्या अनेकांच्या सोनोग्राफी अहवालात आता ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा येतो. त्यांच्यासाठी साखर कमी करणे हा सर्वात स्वस्त उपायांपैकी एक आहे.

वजन किती उतरते?

इथे रील्स आणि विज्ञान यांच्यात सर्वाधिक अंतर आहे. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, खाण्यावर इतर कडक बंधने नसलेल्या प्रौढांनी साखर कमी केल्यावर वजन सरासरी ०.८ किलोने घटले. आणि साखरेऐवजी तेवढ्याच कॅलरींचे इतर पिष्टमय पदार्थ खाल्ले, तेव्हा वजनात फरकच पडला नाही.

याचा अर्थ साखरेत वजन वाढवणारी काही गूढ शक्ती नाही. साखरेमुळे नकळत जास्त खाल्ले जाते, विशेषतः पेयांतून. प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरल्याची जाणीव कमी होते. त्यामुळे रोज कोला पिणाऱ्याने तो बंद केला तर फरक ठळक दिसेल. दिवसाला एक चमचा साखर खाणाऱ्याने ती सोडली तर तराजूवर काही दिसणार नाही. आणि साखर सोडून भूक लागली म्हणून फरसाण, खारी किंवा मैद्याचे टोस्ट सुरू झाले, तर हिशेब पुन्हा होता तिथेच येतो.

मधुमेह टळतो का?

‘साखर खाल्ली की मधुमेह होतो’ आणि ‘साखर सोडली की मधुमेह जातो’ ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. टाइप २ मधुमेहात आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, बैठे काम आणि एकूण आहार यांचा वाटा असतो. तरीही साखरेचा संबंध किती खोलवर जातो, हे ब्रिटनच्या इतिहासातून दिसते.

दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखरेवर रेशनिंग होते. सप्टेंबर १९५३ मध्ये ते उठले आणि माणशी रोजची साखर सुमारे ४० ग्रॅमवरून जवळपास ८० ग्रॅमवर गेली. या तारखेच्या मागेपुढे जन्मलेल्या सुमारे ६० हजार जणांच्या उतारवयातील आरोग्य नोंदी संशोधकांनी तपासल्या. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे ज्यांनी रेशनिंगच्या काळात काढली, त्यांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला.

भारतासाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख जणांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख जण त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गरोदरपणी ‘दोन जिवांचे’ म्हणून गोडधोड वाढणे आणि बाळाच्या दुधात-पेजेत साखर घालणे याकडे त्यामुळे नव्याने पाहावे लागते. बाळाला मध चाटवण्याची रीत तर वेगळ्याच कारणाने धोक्याची आहे. एक वर्षाखालील बाळांना मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याने केवळ साखरेचा डबा बंद करून थांबणे पुरेसे नाही. भारतीय आहारातील ६० टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते. ताटात भाताचा डोंगर आणि डाळ-उसळ नावापुरती असेल, तर बिनसाखरेच्या चहाने फार काही साधत नाही. साखरेतून कमी झालेल्या कॅलरींची जागा डाळी, दही, शेंगदाणे, अंडी यांनी घेतली तर लाभाची शक्यता वाढते.

दात आणि त्वचेचे काय?

दातांबाबतचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांत दातांवरील थराचा सामू ५.५ च्या खाली येतो आणि दातांवरचे कठीण आवरण विरघळू लागते. लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून किती साखर खाल्ली याइतकेच किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. जेवणात एक पुरणपोळी खाण्यापेक्षा दर तासाला गोड चहाचे घोट घेणे दातांना अधिक महागात पडते.

त्वचेचा दावा थोडा सैल आहे. ऑस्ट्रेलियातील एका छोट्या प्रयोगात रक्तातील ग्लुकोज सावकाश वाढवणारा आहार १२ आठवडे घेतल्यावर तरुणांमधील मुरुमे कमी झाली. पण त्यात केवळ साखर नव्हे, संपूर्ण आहार बदलला होता. आठवडाभरात चेहरा उजळण्याला असा आधार नाही.

गूळ, मध किंवा ‘शुगर फ्री’ गोळ्या चालतील का?

साखर सोडणाऱ्यांची सर्वात मोठी गल्लत इथे होते. गूळ कमी शुद्ध केलेला असतो. त्यात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात. पण त्याचा मोठा हिस्सा सुक्रोजच आहे आणि कॅलरीही साखरेच्या जवळपास तेवढ्याच. रोजच्या गरजेपुरते लोह गुळातून मिळवायचे तर एवढा गूळ खावा लागेल, की फायद्यापेक्षा नुकसान अधिक. खडीसाखर, ब्राऊन शुगर, काकवी आणि मध यांनाही हाच न्याय लागू होतो. गुळाचा चहा प्यायचा तो चवीसाठी प्यावा. साखर सोडल्याच्या खात्यात तो जमा होत नाही.

कृत्रिम गोडव्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले, की वजन नियंत्रणासाठी त्यावर अवलंबून राहू नये, कारण दीर्घकालीन लाभ दिसत नाही. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. ‘शुगर फ्री’ बिस्किटांत मैदा आणि तेल असतेच, हेही विसरू नये.

कोणी सांभाळून राहावे?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार अचानक बदलू नये. औषधाची मात्रा जुन्या आहारावर बेतलेली असते. आहारातील साखर आणि कर्बोदके एकाएकी घटली तर रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्यावे लागते. तिथे ‘माझे चॅलेंज सुरू आहे’ म्हणून साखर नाकारणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांनी साखर कमी करावीच, पण डॉक्टरांना सांगून, मात्रा तपासून.

सुरुवात कुठून करावी?

आधी पेये. कोला, पाकिटातील रस, लस्सी, थंड कॉफी हे बंद झाले तर सर्वाधिक साखर कमी कष्टात सुटते. त्यानंतर चहा. कपात दोनऐवजी एक चमचा साखर घातली आणि दिवसाला तीन कप धरले, तर वर्षाला माणशी साडेपाच किलो साखर वाचते. पहिले काही दिवस चहा बेचव लागेल, पण जीभ जुळवून घेते. अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात साखर कमी केलेल्या लोकांना तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे पाकिटाची मागची बाजू. देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर एकूण साखरेसोबत अतिरिक्त साखरेचा आकडाही द्यावा लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप किंवा डेक्स्ट्रोज असेल तर तो पदार्थ गोडच समजावा. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या आकड्यात धरले जात नाही, पण रक्तातील ग्लुकोज तेही झपाट्याने वाढवते. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी घेताना हे वाचन विशेष उपयोगी पडते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले, ते याच हेतूने. ११ ते १८ वर्षांची मुले रोजच्या कॅलरींपैकी १५ टक्के साखरेतून घेतात, असे मंडळाने त्या पत्रात नमूद केले होते.

संक्रांतीचा तिळगूळ किंवा होळीची पुरणपोळी सोडण्याची गरज यातून निघत नाही. वर्षातल्या दहा-बारा सणांनी होणारे नुकसान रोजच्या सहा चमच्यांच्या तुलनेत किरकोळ आहे. २१ दिवस कडकडीत पाळून बाविसाव्या दिवशी जुन्या सवयीकडे परतणाऱ्यापेक्षा चहातला एक चमचा कायमचा कमी करणाऱ्याला अधिक लाभ होतो. परिणाम पाहायचा असेल तर आरशात न पाहता तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ आणि ट्रायग्लिसराइड या दोन चाचण्या त्यासाठी पुरेशा आहेत. आणि त्याआधी, पुढच्या महिन्याच्या किराणा यादीत साखरेपुढचा आकडा खरोखर खाली आला आहे का, हे घरच्या घरी तपासता येते.